कौल कुणाचा? थोर चित्रपट आणि दोह्यातला प्रेक्षक



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं ते गृहस्थ सिनेमाचे वेडे होते. व्हीसीआरच्या काळात सुट्टीवरून परतताना त्यांच्या सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी कॅसेटी असायच्या आणि त्या मग ओळखीच्या घरांतून फिरत राहायच्या. आपलं नाव फलकावर, पत्रिकेत कुठेच येऊ नये अशी त्यांची इच्छा होती. ती पाळून विषयाला हात घालतो.

सिनेमावरचा वाद हा आपल्याकडे जेवणानंतरचा विषय. शुक्रवारी दुपारी कुणाच्या तरी फ्लॅटवर मंडळी जमतात, मटण-भात होतो, आणि कुणीतरी विचारतं, "आजवरचा सगळ्यात मोठा सिनेमा कुठला?" एक जण 'गॉडफादर' म्हणतो, दुसरा 'शोले'. एखादा 'पथेर पांचाली' म्हणतो तेव्हा याने तो शेवटपर्यंत पाहिलाय का, अशी शंका बाकीच्यांच्या चेहऱ्यावर दिसते. कोपऱ्यातून 'अशी ही बनवाबनवी' हे नाव आलं की हशा पिकतो आणि विषय तिथेच संपतो. आज तो संपू द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

या वादाची एक अधिकृत आवृत्ती आहे. लंडनचं 'साइट अँड साउंड' हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारतं, सर्वकाळचे दहा श्रेष्ठ चित्रपट सांगा. पहिल्या खेपेला पहिला आला दे सिकाचा 'बायसिकल थीव्ज'. तो तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. 'सिटिझन केन' १९४१ चा, पण १९५२ च्या पहिल्या दहांत त्याचं नाव नव्हतं. १९६२ साली तो एकदम पहिला झाला आणि पुढच्या चार मतमोजण्यांत कुणी त्याला हलवू शकलं नाही. २०१२ मध्ये हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने त्याला खाली ओढलं. २०२२ मध्ये तर अनेक समीक्षकांच्या भुवया कपाळात गेल्या, कारण पहिला आला शाँताल आकरमान या बेल्जियन बाईंचा १९७५ चा 'जान दिएलमान'. तीन तास एकवीस मिनिटं एक विधवा घर चालवते, बटाटे सोलते, मुलाला जेवू घालते आणि घरखर्चासाठी दुपारी गिऱ्हाइकं घेते. आकरमान यांनी तो केला तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या घरात होतं. दहा वर्षं आधीच्या यादीत हाच चित्रपट पस्तिसाव्या क्रमांकाच्या आसपास घुटमळत होता.

चित्रपटाची एक फ्रेमही बदलली नव्हती. बदलले होते मत देणारे. २०१२ मध्ये ८४६ जणांनी मत दिलं, २०२२ मध्ये १,६३९ जणांनी. त्यात बाया वाढल्या, तरुण वाढले, युरोप-अमेरिकेबाहेरचे वाढले. तक्रार करणाऱ्यांनी याला राजकारण म्हटलं. मला त्यात गैर काही दिसत नाही. साठ वर्षं एका विशिष्ट वर्गाच्या माणसांनी मत दिलं तेव्हा ते राजकारण नव्हतं का? थोर चित्रपट कुठला, या प्रश्नात 'कुणाला विचारलं' हा प्रश्न पोटात असतोच. मग मी विचारतो, दोह्यातल्या माणसाला कुणी विचारलंय?

कतार हा देश सुमारे तीस लाखांचा. त्यातले बहुतेक बाहेरून आलेले, आणि बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा गट आपला, भारतीयांचा. इंडस्ट्रियल एरियाच्या बाजूला एशियन टाउनमध्ये क्रिकेटचं मैदान आहे, खुलं रंगमंदिर आहे आणि थिएटरं आहेत. सुट्टीच्या दिवशी तिथे कामगार सिनेमाला येतात, मल्याळी, तमिळ, तेलुगू, हिंदी. मराठी चित्रपट या शहरात येतो तो बहुधा कुणीतरी धडपड करून लावलेल्या खास खेळापुरता. आपल्यातले पुष्कळ जण 'कतारा' सांस्कृतिक संकुलात किंवा मॉलमध्ये सिनेमा बघतात आणि एशियन टाउनला क्वचित जातात. हेही बोलून टाकलेलं बरं. या सगळ्या प्रेक्षकांना एकत्र धरून मला आज एक दावा करायचा आहे.

जगातले जे चित्रपट थोर म्हणून टिकले आणि ज्यांनी माणसांना हलवलं, त्यांतले कितीतरी प्रेमाबद्दलचे नाहीत आणि मरणाबद्दलचेही नाहीत. ते कमाईबद्दल आणि कर्जाबद्दल आहेत. पोटासाठी घराबाहेर पडलेला माणूस त्यांच्या मध्यभागी उभा आहे. आणि तसा माणूस हाच जिथला बहुसंख्य प्रेक्षक आहे, त्या शहराचं मत लंडन-पॅरिसच्या मतापेक्षा कमी वजनाचं नाही.

'बायसिकल थीव्ज'पासूनच बघा. पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, अट एकच, सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाणवटीच्या दुकानात नेते. तिथला माणूस तो गठ्ठा घेऊन चादरींनी भरलेल्या मांडणीवर चढत चढत जातो. कॅमेरा फक्त वर बघतो. एवढ्या घरांतून एवढ्या चादरी! सायकल चोरीला जायच्या आधीच दे सिकाने आपल्याला सांगून टाकलंय की ही एका माणसाची गोष्ट नाही. एजंटाचे पैसे भरायला घरातलं सोनं सराफाकडे ठेवून जो विमानात बसलाय, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

हा चित्रपट १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या आपल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. बिमल रॉय यांनी तो पाहिला आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. सावकाराच्या कर्जापायी शेत जाऊ नये म्हणून बलराज साहनींचा शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. सत्यजित राय यांनी 'बायसिकल थीव्ज' १९५० साली लंडनला पाहिला होता आणि सिनेमा करायचा तर असा, हे तिथेच ठरवून ते परतले.

'पथेर पांचाली'बद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं तो गरिबीचा, रेल्वेच्या धुराचा, काशफुलांचा संथ चित्रपट आहे. त्यातल्या हरिहरकडे कुणी लक्ष देत नाही. हा बाप घर सोडून कमावायला गेलाय. महिनोन्महिने पत्ता नाही, पत्र येतं तेव्हा त्यात अजून थोडं थांबा असं असतं. मागे बायको, सर्वजया, भांडीकुंडी विकून दिवस काढते. पावसात भिजून मुलगी, दुर्गा, तापाने जाते. मग एक दिवस हरिहर परत येतो. पडकं घर बघतो, हाका मारतो, आणि ओसरीवर बसून पिशवी उघडतो. पोळपाट-लाटणं आणलंय. लक्ष्मीची तसबीर आणलीय. आणि दुर्गासाठी साडी.

मित्रहो, आपण सगळे पिशवी उघडणारी माणसं आहोत. सुट्टीला घरी गेल्यावर पहिल्या संध्याकाळी बॅग उघडायचा जो सोहळा असतो, त्यात कुणाला काय आणलं यापेक्षा आपण नसताना काय काय झालं हे हळूहळू कळत जाणं मोठं असतं. सर्वजया ती साडी तोंडाशी धरते आणि तिचा बांध फुटतो. पण राय यांनी तिचा टाहो आपल्याला ऐकू दिला नाही. त्याजागी तारशहनाई वाजते. हे कसब नीट बघण्यासारखं आहे. किंकाळी ऐकवली असती तर आपण तिच्या दुःखाला बाहेरून घाबरलो असतो. आवाज काढून घेतल्यावर ती जागा प्रेक्षकाला भरावी लागते. दोह्यातला प्रेक्षक ती कशाने भरेल, हे मी सांगायला नको.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. माणूस स्वतःच्याच दुःखाला रडत असेल तर त्यात चित्रपटाचं श्रेय काय? आईपासून दूर, समुद्रापार असलेल्या पोराला आईचं कुठलंही चित्र रडवेल. हे खरं आहे, आणि 'श्यामची आई'च्या बाबतीत तर फारच खरं आहे. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम बघून महाराष्ट्रात घरंच्या घरं रडली. त्या अश्रूंतले बरेच अश्रू आधीच भरून आलेले होते, चित्रपटाने फक्त निमित्त दिलं. पण आज तो पुन्हा बघा आणि आईच्या संस्कारांपेक्षा त्या घरावरच्या कर्जाकडे लक्ष द्या. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो आणि नको ते बोलतो. त्या माउलीला रोग जेवढा पोखरत नाही तेवढी ही अब्रू जाण्याची धास्ती पोखरते. साने गुरुजींनी ही गोष्ट १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली तेव्हा कोकणातल्या पडत्या खोताच्या घराचा जमाखर्चच त्यात मांडलेला होता. आपण संस्कारांचं पुस्तक करून तो जमाखर्च पुसून टाकला.

म्हणून आक्षेपाला माझं उत्तर असं : रडू येणं हा पुरावा नव्हेच. दिग्दर्शकाने रडण्याची सोय कुठे केली आणि कुठे मुद्दाम केली नाही, हे बघायचं. संदीप सावंतांचा 'श्वास' घ्या. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मराठीकडे यायला पन्नास वर्षं लागली, ती 'श्वास'मुळे संपली. कोकणातला आजोबा नातवाला शहरातल्या इस्पितळात आणतो. डोळ्यांचा कर्करोग आहे, शस्त्रक्रियेत दृष्टी जाणार. रडवायचं तर शस्त्रक्रियेचं टेबल हाताशी होतं. सावंतांनी ते टाळलं. आदल्या दिवशी आजोबा पोराला घेऊन इस्पितळातून गुपचूप निसटतात आणि त्याला शहर दाखवतात. पोराला मजा येते, हेच भयंकर आहे. अरुण नलावडे तिथे चेहऱ्यावर जवळजवळ काहीच दाखवत नाहीत.

याउलटची उदाहरणंही द्यायला हवीत, नाहीतर माझा दावा फार गुळगुळीत होईल. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला कुणी रडत नाही. वीरा साथीदारांचा लोकशाहीर नारायण कांबळे तारखांवर तारखा झेलतो, आणि शेवटी कोर्टाला सुट्टी लागते. तो थोर आहे, आणि हलवत मुळीच नाही, अस्वस्थ करतो. 'फँड्री'चा शेवटचा दगड आपल्या दिशेने येतो तेव्हा डोळ्यांत पाणी येण्याआधी मान खाली जाते. 'व्हर्टिगो' तर माझ्या कमाई-कर्जाच्या हिशेबात कुठेच बसत नाही आणि ओढूनताणून मी तो बसवणारही नाही.

आता या वाळूकडे येऊ. आखातात सिनेमा नव्हता, तेल आल्यावर सगळं आलं, असं आपण ऐकून असतो. पण १९७२ साली शेजारच्या कुवेतमध्ये खालिद अल सिद्दिक याने 'बस या बहर' नावाचा कृष्णधवल चित्रपट केला. अर्थ साधारण, पुरे कर रे समुद्रा. तेलाआधीचा काळ. मोती काढणाऱ्या बुड्यांची ती दुनिया, कतारची, बहरीनची, कुवेतची एकच. नाखवा हंगामाआधी उचल द्यायचा, माणूस उचलीत अडकायचा, आणि पुष्कळदा बापाची उचल पोराच्या मानेवर यायची. चित्रपटातला बाप शार्कच्या हल्ल्याने हात गमावून बसलेला बुड्या आहे. पोराला लग्नासाठी पैसे हवेत म्हणून तो बापाचं न ऐकता समुद्रावर जातो. मोती मिळतो, पोरगा परत येत नाही. इकडे ज्या मुलीसाठी तो गेला तिचं लग्न श्रीमंत म्हाताऱ्याशी लावलेलं असतं. आई तो मोती समुद्रात भिरकावून देते.

आपल्यापैकी किती जणांनी हा पाहिलाय? कॉर्निशवर मोत्याच्या शिंपल्याचं कारंजं आहे, त्यापुढे आपण सगळ्यांनी फोटो काढलेत. ते मोती जायचे कुठे? मुंबईला. आखातातल्या मोत्यांची मोठी पेठ मुंबई होती आणि इथलं चलन भारतीय रुपया. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली खास आखातासाठी वेगळा रुपया काढला होता, तो कतारमध्ये १९६६ पर्यंत चालला. जपानी कल्चर्ड मोत्यांनी आणि जागतिक मंदीने १९३० च्या दशकात हा धंदा बसला तेव्हा इथली गावं उपाशी पडली. इथला कतारी आजोबा उचल घेऊन समुद्रात उतरायचा. इथला आजचा सुतार, फिटर, ड्रायव्हर एजंटाची उचल फेडायला येतो. हे दोघे एकाच चित्रपटाचे प्रेक्षक आहेत, फक्त त्यांना कुणी एका रांगेत बसवलेलं नाही.

तशी संधी या शहरात नाही असं नाही. २००९ ते २०१२ इथे दोहा ट्रायबेका महोत्सव झाला. २०१० मध्ये दोहा फिल्म इन्स्टिट्यूट उभं राहिलं, आणि त्याच्या पाठबळाने झालेल्या चित्रपटांत सिसाकोचा 'टिंबक्टू' आहे, फरहादीचा 'द सेल्समन' आहे, नादीन लबाकीचा 'कफरनौम' आहे. कफरनौममधला पोरगा आपल्याच आईबापांवर दावा लावतो, मला जन्म का दिलात म्हणून. पण मला या सगळ्यांत जास्त अप्रूप आहे ते २०१३ पासूनच्या अजयाल महोत्सवाचं. तिथे बक्षीस कुणाला द्यायचं ते पोरं ठरवायची. आठ वर्षांच्या मुलांपासून परीक्षक. वयाप्रमाणे तीन गट, आणि त्यांना चंद्राच्या कलांची नावं : मोहाक, हिलाल, बद्र. निरनिराळ्या देशांची मुलं एका खोलीत बसून चित्रपट बघायची आणि नंतर भांडायची. आपल्या शुक्रवारच्या वादाला ही खरी जोड होती. फरक एवढाच की त्यांनी चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला असायचा.

'द व्हॉइस ऑफ हिंद रजब' या काउथर बेन हानियांच्या चित्रपटाने २०२५ च्या दोहा फिल्म फेस्टिव्हलचा पडदा उघडला. गाझात गाडीत अडकलेल्या एका चिमुरडीचा मदतीसाठीचा फोन, तिचा खराखुरा आवाज, आणि तो ऐकणारे कर्मचारी नटांनी साकारलेले. व्हेनिसला त्याला मोठा सन्मान मिळाला. तो थोर चित्रपट आहे का? मला हा प्रश्नच तिथे अवघडल्यासारखा वाटतो. आवाज तिचा आहे, त्यावर कुणाची कलाकुसर नाही, आणि तो ऐकून जे होतं त्याचे गुण दिग्दर्शिकेला द्यायचे की नाही हे मला ठरवता येत नाही. दोह्यात पॅलेस्टिनी शेजारी असलेल्या माणसाने तर हा चित्रपट यादीत घालूच नये. याद्या खेळाच्या गोष्टी आहेत, आणि सगळ्याच गोष्टी खेळात घेण्यासारख्या नसतात.

हलकं काही बोलतो. 'अशी ही बनवाबनवी'ला हसणाऱ्यांना माझं उत्तर राहिलंय. पुण्यात खोली मिळत नाही म्हणून चार पोरांतले दोघे लुगडं नेसतात, कारण घरमालकीण बिऱ्हाडाशिवाय कुणाला ठेवत नाही. या शहरात २०१० च्या कायद्याने कुटुंबवस्तीत कामगारांची निवासस्थानं ठेवायला बंदी आहे, आणि फ्लॅटच्या जाहिरातीत 'फॅमिली ओन्ली' लिहिलेलं असतं. बॅचलर म्हणून ज्याने इथे खोली शोधलीय त्याला तो चित्रपट नुसता विनोदी वाटत नाही. १९८८ पासून तो इतक्या वेळा पाहिला जातोय, त्यामागे कमाईसाठी परगावी आलेल्यांचा आधार आहे हे समीक्षकांनी कधीतरी लिहायला हवं. मात्र थोर? नाही. उत्तम आहे, थोर नाही. मूळ कल्पना १९६६ च्या 'बीवी और मकान'ची, हेही विसरू नये.

मग थोर कुठला? माझा कौल 'संत तुकाराम'ला. दामले-फत्तेलाल, प्रभात, १९३६. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसला जगातल्या निवडक चित्रपटांत त्याची गणना झाली. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं मत पक्कं होतं ते गौरीबाईंच्या आवलीमुळे. नवरा दिवाळं निघालेला, दुकान बुडालेलं, आणि गाथा काही पोरांच्या पोटात जात नाही. पोर आजारी पडल्यावर ती देवळात शिरून पांडुरंगावर वहाण उगारते. १९३६ साली, भक्तिपटात! आणि पडद्यावर ती कुठेही खलनायिका होत नाही. दिग्दर्शकांचं तिच्यावर तुकारामाइतकंच प्रेम आहे. शेवटी वैकुंठाला जायची वेळ येते, तुकोबा तिला चल म्हणतात, आणि तिला घराची, पोरांची, म्हशीची काळजी. ती राहते. एक माणूस वर जातो आणि एक बाई खाली घर सांभाळायला राहते, आणि चित्रपट दोघांनाही खरं ठरवतो. 'साइट अँड साउंड'च्या २०२२ च्या पहिल्या शंभरांत 'पथेर पांचाली' पस्तिसावा आहे. 'संत तुकाराम' नाही. ती यादीची उणीव आहे. आणि सर्वांत हलवणारा प्रसंग विचाराल तर हरिहरची पिशवी. त्यावर मी तडजोड करणार नाही.

आता तुमचं भांडण मला हवंय. पण नुसतं घरच्या फ्लॅटवर नको. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे : वर्षातून चार शुक्रवार सिनेमासाठी काढा. एकदा 'संत तुकाराम', एकदा 'बस या बहर', दोन चित्रपट बाहेरच्यांनी सुचवलेले. उपशीर्षकं लावा, म्हणजे मल्याळी, नेपाळी, अरब शेजाऱ्यांना बोलावता येईल. इंडस्ट्रियल एरियातून येणाऱ्यांसाठी एक बस ठरवा, तिचा खर्च वर्गणीतून सहज निघेल. खेळ संपल्यावर अर्धा तास बोलायला ठेवा आणि पहिलं बोलायला बसमधून आलेल्यांना सांगा. आणि ज्यांची मुलं मोठी होतायत त्यांनी अजयालच्या परीक्षक मंडळाची नोंदणी कधी आणि कुठल्या वयापासून सुरू होते यावर लक्ष ठेवावं.